कटर झकास, पट्टी बरी, मॅट मात्र थापा मारते: बारा ब्लॉक शिवल्यानंतरचा रिव्ह्यू

रिव्ह्यू लांबलचक आहे हे आधीच सांगते. ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच हवंय त्यांनी इतकं वाचा: गोधडीचे सहा इंची ब्लॉक (कापडाचे तुकडे जोडून शिवलेले चौकोन) करणार असाल तर हे कापड कापायचं किट खुशाल घ्या, बारा इंची करायचे असतील तर कटर सुटं घ्या आणि मॅट दुसरी, मोठी घ्या. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

बॉक्समध्ये ४५ मिलिमीटरचं गोल पात्याचं कटर, एक जादा पातं, ए३ साइजची हिरवी मॅट, ६ बाय १२ इंचाची पारदर्शक पट्टी, वीस रंगीत क्लिपा आणि एक उसवायचं हत्यार येतं. क्लिपा चांगल्या आहेत, त्यातल्या निम्म्या आता स्वयंपाकघरात पोह्याच्या नि रव्याच्या पिशव्यांना लागल्या आहेत, तर तो विषय संपला.

मी हे का घेतलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बारा जणी आहोत, कुणी नागपूर-वर्ध्याच्या, कुणी पुण्या-ठाण्याच्या, एक धारवाडची. संक्रांतीला ठरलं की ब्लॉकची अदलाबदल करायची, प्रत्येकीने एकाच डिझाइनचे बारा ब्लॉक शिवायचे, एक स्वतःला ठेवायचा आणि अकरा अकरा जणींना, म्हणजे शेवटी प्रत्येकीकडे बारा जणींच्या हातचे बारा ब्लॉक. तीन बाय चार जोडले की ३६ बाय ४८ इंच, पलंगावर नाही पुरत पण मांडीवर घ्यायला किंवा बाळाला दुपटं म्हणून मस्त. डिझाइन ठरलं सॉटूथ स्टार, म्हणजे मध्ये चौकोन आणि भोवती टोकं असलेली चांदणी, शिवून पूर्ण झाल्यावर बारा इंच, म्हणजे हातात आलेला सुटा ब्लॉक साडेबारा इंच पाहिजे कारण चारी बाजूंनी पाव-पाव इंच पुढच्या शिलाईत जातो. जमीन (चांदणीच्या मागचं कापड) सगळ्यांची ऑफव्हाइट, चांदणीचा रंग निळ्यातला कुठलाही, मधला चौकोन आपापल्या आवडीचा. कापड शंभर टक्के कॉटन आणि आधी धुतलेलं. मुदत गुढीपाडवा.

आता मी गोधडी लहानपणापासून बघत आलेय. आमच्या आजीची गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर, वर आवडेल तशी ठिगळं आणि मग कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं, माप काय तर वीत. एखादं ठिगळ वाकडं आलं तर शेजारचं थोडं तिरकं बसवायचं आणि मिटलं, गोधडी सगळं पोटात घेते. आमच्या धारवाडच्या ताईंनी तर सांगितलं की हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात ती पण अशीच, कडेपासून सुरू करून मध्याकडे जायचं, पट्टी नाही की मॅट नाही, हाताने टाके, आणि शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेली कापडाची फुलं लावायची, फुलांशिवाय ती पूर्ण झाली असं मानतच नाहीत. अदलाबदलीच्या ब्लॉकचं तसं नसतं ना. माझा ब्लॉक पाव इंच छोटा झाला तर तो भोगणार कोण, ठाण्याची वहिनी, तिच्या गोधडीत माझ्या चांदणीशेजारी कापड ओढून ओढून बसवावं लागणार आणि तिथे कायमची चुणी राहणार. म्हणून मापाला एवढं महत्त्व, आणि म्हणून हा रिव्ह्यू मापावरच जास्त आहे.

एका चांदणीला कापायचे तुकडे दहा. मधला चौकोन साडेसहा इंच एक, कोपरे साडेतीन इंचाचे चार, जमिनीचा मोठा चौकोन सव्वासात इंच एक, आणि निळ्याचे चार, चारला एक सूत कमी. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारकाम ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. दोन सूत म्हणजे पाव इंच, आपली शिलाई.) त्या एका मोठ्या आणि चार छोट्या चौकोनांतून एकदम चार फ्लाइंग गीज (मध्ये मोठा त्रिकोण, दोन्ही बाजूंना छोटे, असे आयताकृती तुकडे) निघतात, आमच्याकडे त्यांना सरळ बदकं म्हणतात. मोठ्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन छोटे ठेवायचे, ते मध्ये एकमेकांवर थोडे चढतात, तिरकी रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन सूतावर टीप, मग रेघेवर कापायचं, जे दोन भाग येतात त्या प्रत्येकावर अजून एक छोटा चौकोन तसाच. वाचून डोकं फिरतं पण एकदा हाताने केलं की कळतं. तर दहा तुकडे गुणिले बारा, एकशेवीस. कात्रीने मी पहिले तीस कापले आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ निघायला लागली, शिवाय कात्रीने कापताना कापड उचललं जातं त्यामुळे कड सरळ येतच नाही. त्याच रात्री हे किट ऑर्डर केलं.

कटरबद्दल माझी काही म्हणजे काही तक्रार नाही. हातात नीट बसतं, चार थर कॉटन एका झटक्यात कापतं, खूप जोर लावावा लागत नाही. डावखुऱ्यांसाठी पातं दुसऱ्या बाजूने लावता येतं, आमच्या वर्ध्याच्या काकू डावखुऱ्या आहेत, त्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा लावून बघितलं, चाललं. नट फार आवळू नका, पातं फिरायलाच पाहिजे, आवळलं की ते घासत जातं आणि एकाच जागी बोथट होतं. टाचणीवरून एकदा जरी गेलं ना तर पात्याला बारीक खाच पडते आणि मग दर फेऱ्याला एकेक धागा कापायचा राहतो, माझं पहिलं पातं असंच गेलं, चूक माझी. दुसरं पातं लावून उरलेलं सगळं काम झालं. जादा पाती म्हणून मी नंतर ओल्फाची ४५ मिलिमीटरची मागवली, ती यात चपखल बसतात, हे महत्त्वाचं कारण पाती नाही मिळाली तर कटर म्हणजे नुसता दांडा. सहज म्हणून सांगते, हे गोल पात्याचं कटर १९७९ मध्ये ओल्फानेच काढलं, जपानी कंपनी, आणि तुकडा मोडून नवीन धार काढायची ती कटर असते ना, आपण पार्सल फोडायला वापरतो ती, ती पण त्याच कंपनीच्या संस्थापक ओकादांनी १९५६ साली काढलेली, चॉकलेटच्या वड्या मोडतो त्यावरून सुचली म्हणे. चॉकलेट मोडताना मला तर फक्त मोठा तुकडा कुणाला जाणार एवढंच सुचतं.

एक कळकळीची विनंती, प्रत्येक कापणीनंतर पातं झाका. प्रत्येक. मी एकदा फोन आला म्हणून उघडंच ठेवलं आणि परत येऊन न बघता हात टाकला, नखावर निभावलं. घरात लहान मूल असेल तर वापरून झाल्यावर कपाटात कुलूप.

पट्टी. अॅक्रिलिकची, पारदर्शक, एका बाजूला इंच एका बाजूला सेंटिमीटर, ४५ अंशाची तिरकी रेघ आहे. मुलाच्या इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या काळातली स्टीलची पट्टी अजून घरात आहे, तिच्यासोबत लावून बघितली, बारा इंच म्हणजे बारा इंच, खरी निघाली. पण कापडावर सरकते. कटर तिच्या कडेने जोरात नेलं की शेवटी शेवटी पट्टी अर्धा सूत तरी बाहेर पळते. उपाय स्वस्त आहे, हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणायचा, त्याचे टिकलीएवढे तुकडे पट्टीच्या खालून चार कोपऱ्यांना चिकटवायचे, हलत नाही मग. रेघा जाड छापल्यात, तर तुम्ही एकच ठरवा, रेघ कापडाच्या आत धरायची की बाहेर, आणि सगळे तुकडे तसेच कापा. खरी अडचण लांबीची आहे, साडेबारा इंचाचा ब्लॉक आणि बारा इंचाची पट्टी! शेवटी ब्लॉक चौकोनी आहे का ते तपासायला आणि कडा साफ करायला पट्टी ब्लॉकपेक्षा मोठी लागते, ही अर्धा इंच कमी पडते म्हणजे दर ब्लॉकला दोनदा सरकवून कापा. त्यापेक्षा साडेबारा इंची चौकोनी पट्टी वेगळी मिळते ती घ्या.

आता मॅटकडे येते, इथे माझा पारा चढतो.

पहिली गोष्ट, ए३. नावाला मोठी वाटते पण आहे ४५ बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे छोटी बाजू बारा इंचाला पण किंचित कमी. साडेबारा इंची ब्लॉक तिच्यावर पूर्ण मावतच नाही, कडा टेबलावर. आपलं कॉटन ४४ पन्ह्याचं, एकदा दुमडलं की २२ इंच, तेही मावत नाही, म्हणून दोनदा दुमडून ११ करावं लागतं, आणि दोनदा दुमडताना घडी जरा जरी तिरकी बसली की कापलेली पट्टी उलगडल्यावर मध्ये कोपरासारखी वाकलेली निघते. ए२, म्हणजे ६० बाय ४५, घेतली तर एका घडीत काम होतं. हे विकणाऱ्याने वर्णनात सांगायला पाहिजे होतं, फोटोत तर मॅटशेजारी मोठ्ठी गोधडी दाखवलीय.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. मॅटवर इंचाच्या रेघा छापल्यात आणि त्या खोट्या आहेत. मला आधी कळलंच नाही. मी हुशारी करून पट्टी फक्त कड धरायला वापरली आणि माप घेतलं मॅटच्या रेघांवरून, कारण ते भराभर होतं, कापड ठेवलं, रेघेवर पट्टी, सर्रकन कापलं, दोन दिवसांत सात चांदण्या शिवून झाल्या आणि मी भयंकर खूश. ग्रुपवर फोटो टाकला, शेजारी ऐटीत टेप ठेवून. दहा मिनिटांत पुण्याच्या ताईंचा मेसेज, "अगं सुंदर झालंय गं, पण टेपवर सव्वाबारा दिसतंय का मला?" त्याच आमच्या अदलाबदलीचा हिशोब ठेवतात, त्यांच्या नजरेतून सूतसुद्धा सुटत नाही. मी म्हटलं टेप कापडी आहे, ताणली गेली असेल. स्टीलची पट्टी आणली. सव्वाबारा. सातही. रडायचं बाकी होतं बाप्पा.

मग एकेक करून तपासायला बसले, यजमान म्हणत होते झोपा आता, मी स्टीलची पट्टी मॅटवर ठेवून राहिले होते. मॅटवर बारा इंचाची जी लांब बाजूची रेघ आहे ती खरं तर एक सूत आधीच येते, म्हणजे बारा इंचाला पावणेबारा आणि एक सूत. चांदणीच्या एका ओळीत साडेतीन, साडेसहा, साडेतीन असे तुकडे, एकूण साडेतेरा इंच कापड, त्यात जवळपास एक सूत असंच गेलं. पण कमी पडलं होतं दोन सूत. उरलेलं एक कुठे गेलं? ते माझं होतं. खोटं कशाला बोलू.

माझी मशीन म्हणजे सासूबाईंची काळी पायाची मशीन, टीप एक नंबर, पण फूटची (सुईखाली कापड दाबून धरतं त्या भागाची) कड सुईपासून बरोबर पाव इंचावर नाहीये आणि मी तीच कड धरून शिवत होते. यासाठी एक साधी चाचणी आहे, प्रत्येकीने करावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा, आता मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली पाहिजे आणि पूर्ण रुंदी साडेतीन. माझी मधली अर्धा सूत कमी भरली. अर्धा सूत म्हणजे काय ते दिसत पण नाही डोळ्यांना, पण एका ओळीत दोन शिलाया, दोन्हीकडचं कापड धरलं की एक सूत झालंच. शिलाई दोन सूताला एकदोन धागे कमीच घ्यायची असते, कारण कापड दुमडताना पण थोडं खातं. मशीनच्या प्लेटवर मी चिकटपट्टीचे चारपाच थर लावून कठडा केला, कापडाची कड त्याला टेकवून शिवायची, तेव्हापासून टीप हलत नाही. पाव इंचाचं वेगळं फूट पण मिळतं, मला चिकटपट्टीत भागलं.

तर एक सूत मॅटचं आणि एक सूत माझं, म्हणून मॅटला शून्य न देता दोन स्टार. कापायची पाटी म्हणून ती वाईट नाही, कापलेले चरे भरून येतात, चार महिने झाले तरी वरून गुळगुळीत आहे. मागच्या कोऱ्या बाजूला वापरा, रेघांकडे बघू नका, माप नेहमी पट्टीवरून घ्या. तसंही हे नंतर सगळ्या जुन्या-जाणत्या बायकांनी मला सांगितलं की मॅट आणि पट्टी अशी दोन मापं एकाच कामात कधी मिसळायची नाहीत, एकच पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत. आधी सांगितलं असतं तर.

आणि उन्हापासून जपा. नागपूरचा मे काय असतो ते मी वेगळं सांगायला नको, पश्चिमेच्या खिडकीखाली उभी ठेवली होती, दोन दुपारीत पापडासारखी वळली. गच्चीवर कुरडयांशेजारी आडवी टाकली, गरम झाल्यावर आत आणून फरशीवर ठेवली, वर धान्याचे डबे, तर बरीचशी सरळ झाली पण एक कोपरा अजून डोकं वर काढतो. तिच्यावर इस्त्री तर चुकूनही नको.

विकणाऱ्याशी बोलणं झालं. मी फोटो पाठवले, स्टीलच्या पट्टीसकट. आधी त्यांचं उत्तर आलं की "मॅडम, एवढा फरक चालतो". मी लिहिलं चालत असेल तर तुमच्या शर्टाची एक बाही एवढ्या फरकाने शिवून बघा. मग मुकाट्याने दुसरी मॅट पाठवली, पैसे नाही घेतले, पाच दिवसांत आली, सर्व्हिसला त्यासाठी पूर्ण मार्क. पण नवीन मॅटवर स्टीलची पट्टी ठेवली तर तीच गोष्ट, तेवढीच कमी. म्हणजे एखादी चुकून आलेली नाही, छपाईच तशी आहे, त्यामुळे तुम्हाला पण तशीच येणार हे धरून चाला.

नंतर बाराही नव्याने कापल्या. पुन्हा गांधीबागेत (आमच्या कापडबाजारात) गेले, दुकानदार पाव मीटर कापून द्यायला तयार नव्हता, त्यामुळे हिशोब करूनच गेले होते आणि तो इथे देते, कुणाला उपयोग होईल: बारा चांदण्यांना ४४ पन्ह्याची जमीन सव्वा मीटर (एक मीटरमध्ये बसतं पण धुतल्यावर आटतं, जीव टांगणीला नको), निळं पाऊण मीटर, मधल्या चौकोनांना अर्धा मीटर. निळ्याचा रंग जातो का ते आधीच बघा, पांढरा ओला रुमाल घेऊन चोळायचा. माझ्याकडचं एक सुंदर अजरख छापाचं कापड या परीक्षेत नापास झालं, रुमाल आकाशी झाला, ते बाजूलाच ठेवलं. आपल्या ब्लॉकचा रंग अकरा जणींच्या गोधड्यांना लागला तर तोंड दाखवायला जागा नाही उरणार.

आणि सगळ्यात कामी आलेली गोष्ट या किटमध्ये नाहीच. सासूबाई. त्या दोन दिवस माझं मोजणं-कापणं बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "अगं कापड एवढं लुळं आहे, कापणार कसं सरळ? खळ नाही का घालायची आधी?" साबुदाण्याची पातळ खळ केली, कापड बुडवून वाळवलं, इस्त्री केली, कागदासारखं कडक झालं आणि कटर त्यावर असं चाललं म्हणून सांगू. बदकांच्या तिरक्या कडा उरेब (धाग्याला तिरप्या कापलेल्या) असतात, इस्त्री घासली की लांबतात, खळीच्या कापडाला ते पण होत नाही. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची एवढं मात्र पाळा.

पाडव्याच्या चार दिवस आधी बारा चांदण्या झाल्या, सगळ्या साडेबारा, पुण्याच्या ताईंनी मोजून पास केल्या. माझ्याकडे पण बाकीच्या अकरा आल्या, त्यात एक साडेबाराला एक सूत कमी आहे, कुणाची ते लिहीत नाही, तिने हेच किट घेतलंय का ते विचारायचंय मात्र.

स्टार: कटरला पाच, पट्टीला साडेतीन, मॅटला दोन, क्लिपांना स्वयंपाकघराकडून पाच. इथे एकच आकडा टाकावा लागतो म्हणून तीन टाकलेत.

त्या पहिल्या सात सव्वाबाराच्या चांदण्या उसवायचा धीर नाही झाला, माझ्याकडेच राहिल्या. सहांचं नणंदेच्या नातवाला दुपटं केलं आणि सातवी उशीला लावली. सगळ्या एकाच मॅटवर, एकाच चुकीने कापलेल्या ना, एकमेकींना मात्र टोकाला टोक लागून जुळल्या, एक चुणी नाही.